काळा कुठून सुरू होतो

अवकाशातल्या धुळीचा फोटो कुणालाही दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे खरंच असं दिसतं का?" प्रश्नाचा रोख रंगावर असतो. तो निळा धूर, ती तपकिरी किनार, तो गुलाबी उजेड खरा आहे, की नंतर भरलाय? याचं उत्तरही आता पाठ झाल्यासारखं आहे. इतक्या मंद प्रकाशात माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाहीत. मृग नक्षत्रातला तेजोमेघ दुर्बिणीतूनसुद्धा बहुतेकांना राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवतो. पुष्कळदा वेगवेगळ्या फिल्टरमधून वेगवेगळे फोटो घेतात आणि मग त्यांना लाल, हिरवा, निळा असे रंग नेमून देतात. एवढं सांगून झालं की समोरचा म्हणतो, "म्हणजे खोटंच की." विषय तिथेच संपतो.

रंगावर एवढं बोलणं होतं आणि काळ्यावर जवळपास काहीच होत नाही, ही माझी तक्रार आहे. धुळीच्या फोटोत निम्म्याहून जास्त जागा काळ्याने किंवा जवळजवळ काळ्याने व्यापलेली असते. तो काळा म्हणजे नेमकं काय? तिथे काही नाही म्हणून काळं आहे? काहीतरी मधे आलंय म्हणून काळं आहे? की कुणीतरी संगणकासमोर बसून 'इथून खाली सगळं काळं' असं ठरवलंय? रंग कसे नेमले हे निदान फोटोखाली लिहिलेलं सापडतं. काळा कसा नेमला हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. या फोटोंची समीक्षा करायची असेल तर ती काळ्यापासून सुरू करावी, असं मला वाटतं. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे 'हे आउटपुट कुठल्या पायऱ्यांमधून आलं' हे विचारायची खोड आहे. ती इथे कामाला येते.

आधी धुळीबद्दल थोडं. ताऱ्यांच्या मधल्या जागेतली ही धूळ म्हणजे सिलिकेट आणि कार्बनचे बारीक कण, बहुतेक एका मायक्रॉनहूनही लहान. आपल्या कपाटावरच्या धुळीपेक्षा धुराला जास्त जवळची. ती तीन तऱ्हांनी कळते. मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवते तेव्हा काळी आकृती म्हणून दिसते. त्याला कृष्णमेघ म्हणतात. जवळच्या ताऱ्याचा उजेड विखुरते तेव्हा निळसर धूर म्हणून दिसते. कृत्तिकांभोवतीचा धूर असा आहे. त्याचा वर्णपट खुद्द ताऱ्याच्याच वर्णपटासारखा आहे, म्हणजे तो उजेड उसना आहे, हे व्हेस्टो स्लायफरने 1912मध्ये दाखवलं. आणि तिसरं म्हणजे ही धूळ स्वतःच्या किंचित उष्णतेने अवरक्त प्रकाशात चमकते. तेव्हा तीच वस्तू एका फोटोत काळी, दुसऱ्यात निळी आणि तिसऱ्यात स्वतःच उजळ असू शकते. धुळीच्या फोटोत काळ्याचा अर्थ एकच धरून चालत नाही, तो यामुळे.

*

काळ्याचा अर्थ लावण्यात ज्याने आयुष्य घालवलं त्या माणसापासून सुरुवात करू. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड (1857–1923) हा अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा गरीब घरातला मुलगा. शाळा जवळपास नाहीच. लहान वयात फोटो स्टुडिओत कामाला लागला आणि पुढे खगोलशास्त्रज्ञ झाला. लिक वेधशाळेत असताना 1889पासून त्याने आकाशगंगेचे फोटो काढायला घेतले. त्यासाठी वापरलं ते सहा इंची विलार्ड भिंग, मुळात स्टुडिओत माणसांचे फोटो काढण्यासाठी बनवलेलं आणि जुनंच. मोठ्या दुर्बिणीतून आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो. या भिंगातून आकाशगंगेचा रुंद पट्टा एका काचेवर यायचा आणि तो पट्टा जागोजागी फाटलेला, भोकं पडलेला दिसायचा.

ती भोकं आहेत की काहीतरी मधे आलेलं आहे, हा त्या काळातला खरा वाद होता. अनेकांचं मत भोकांच्या बाजूने होतं : तिथे तारे नाहीत, त्यामुळे पलीकडचं रिकामं आकाश दिसतं. भाषेतही तेच उतरलं होतं. आज 'हॉर्सहेड' म्हणून घराघरात माहीत असलेला घोड्याच्या डोक्यासारखा मेघ 1888मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या एका काचेवर विल्यमिना फ्लेमिंग यांना पहिल्यांदा दिसला. त्याचं वर्णन त्यांनी तेजोमेघाला पडलेली अर्धगोल खाच असं केलं. खाच म्हणजे तिथे काहीतरी नाहीये. पुढे तेजोमेघांच्या यादीत ही नोंद आली तेव्हा फ्लेमिंग यांचं नाव गळालं आणि वेधशाळेच्या संचालकांच्या नावावर ती गेली. न दिसण्याच्या या इतिहासातली ही आणखी एक खाच.

बर्नार्ड या वादात वर्षानुवर्षं ठाम बोलला नाही. आज वाचताना तो चाचरल्यासारखा वाटतो, पण मला त्याचं तेच आवडतं. स्वतः लिहिलेला एक प्रसंग त्याला हळूहळू पलीकडच्या बाजूला घेऊन गेला. 1913च्या उन्हाळ्यात एका स्वच्छ, बिनचांदण्याच्या रात्री तो दक्षिणेकडच्या आकाशगंगेचे फोटो काढत होता. धनु राशीतल्या दाट ताऱ्यांवरून आपले साधे, पृथ्वीवरचे छोटे ढग सरकत होते आणि ताऱ्यांच्या उजेडासमोर ते शाईच्या थेंबांसारखे काळे दिसत होते. त्याच्या काचांवरच्या काळ्या खुणांसारखेच. पावसाळ्यात ढगांवर चिडणाऱ्या आपल्याकडच्या आकाशनिरीक्षकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. ढगानेच ढगाची ओळख पटवली. तरीही 1919मध्ये त्याने 182 अशा जागांची यादी छापली तेव्हा सगळ्याच जागा मेघ आहेत असा दावा केला नाही. शीर्षकात 'काळ्या खुणा' असाच शब्द ठेवला. ताऱ्यांच्या मधल्या जागेत प्रकाश शोषणारं द्रव्य सगळीकडे आहे हे रॉबर्ट ट्रम्पलरने 1930मध्ये दाखवून दिलं, तेव्हा बर्नार्ड जाऊन सात वर्षं झाली होती.

त्याचा आकाशगंगेचा अ‍ॅटलास 1927मध्ये, मरणोत्तर निघाला. एडविन फ्रॉस्ट आणि बर्नार्डची भाची मेरी कॅल्व्हर्ट यांनी तो पुरा केला. प्रती 700. त्यात छापील चित्रं नाहीत, खरेखुरे फोटो चिकटवलेले आहेत. एकूण 35,700 फोटो, आणि त्यातला प्रत्येक बर्नार्डने स्वतः तपासलेला. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो हट्टीपणा वाटला. नंतर त्यामागचं कारण उमगलं. ज्या फोटोत सगळा मुद्दा काळ्याच्या छटेचा आहे, तिथे प्रिंट किंचित गडद निघाला तर एक मेघ नाहीसा होतो आणि किंचित फिका निघाला तर नसलेला उगवतो. म्हणजे 35,700 वेळा त्याने एकच प्रश्न विचारला : काळा जिथे असायला हवा तिथेच आहे ना? फोटोसमोर वर्णनाचं पान आणि दुसऱ्या खंडात त्याच भागाचे नकाशे व तक्ते. वाचणाऱ्याने नुसतं बघू नये, ताडून पाहावं, अशी ती मांडणी आहे. दृश्यकलेचं पुस्तक म्हणूनही मला तो ग्रंथ मोठा वाटतो, आणि त्याचं मोठेपण या मांडणीत आहे.

*

आता एकदम 1995. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबल दुर्बिणीतून 1 एप्रिलला गरुड तेजोमेघाचा मधला भाग टिपला आणि नोव्हेंबरमध्ये ते चित्र जगासमोर आलं. 'पिलर्स ऑफ क्रिएशन'. पोस्टर, टी-शर्ट, पाठ्यपुस्तकं, कॉलेजच्या फेस्टचे बॅनर. माझ्या पिढीने 'अवकाश' म्हणून डोळ्यांसमोर आणलेलं पहिलं चित्र बहुधा हेच असेल. सुमारे साडेसहा-सात हजार प्रकाशवर्षांवरचे वायू आणि धुळीचे तीन खांब, सर्वांत उंच चार-पाच प्रकाशवर्षांचा. जवळच्या तरुण, तापलेल्या ताऱ्यांच्या अतिनील माऱ्याने बाकीचा मेघ झिजून गेला. जिथे द्रव्य दाट होतं तिथे खांब उरले.

रंग कसे दिले ते उघड आहे. गंधकाच्या आयनांचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा. मुळात गंधक आणि हायड्रोजन दोघांचाही प्रकाश लालच. दोन्ही लाल ठेवले असते तर कुठे काय आहे ते कळलं नसतं, म्हणून एकाला हिरव्याच्या जागी बसवलं. यात फसवणूक नाही. भूगोलाच्या नकाशात पाऊस निळ्याने आणि उंची तपकिरीने दाखवतात, तसंच हे.

या चित्रांवरचं सगळ्यात गंभीर लेखन माझ्या वाचनात आलं ते एलिझाबेथ केसलर यांचं. 2012च्या 'पिक्चरिंग द कॉसमॉस' या पुस्तकात त्या हबलच्या चित्रांची तुलना एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन निसर्गचित्रांशी करतात. थॉमस मोरान, अल्बर्ट बियरस्टाट यांनी रंगवलेले पश्चिमेकडचे कडे, सुळके, त्यावर पडलेला नाट्यमय उजेड. तीच भव्यता हबलच्या चित्रांत कशी येते हे त्या दाखवतात. हे पटतं. अवकाशात वर-खाली नसतं. तरी हे चित्र खांब 'उभे' राहतील असं ठेवलं जातं, आणि खांब उभे राहिले की पायाखाली जमीन आणि डोक्यावर आभाळ आपोआप तयार होतं.

पण या वाचनात लक्ष जातं ते रंग, मांडणी आणि उजेडाच्या दिशेकडे. मी तेच चित्र काळ्याच्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला. त्यात तीन वेगळे काळे आहेत. खांबांच्या आतला काळा धुळीने अडवलेल्या उजेडाचा. चित्राच्या मागच्या भागातला गडदपणा चित्र जुळवताना ठरवलेला. मूळ आकड्यांमध्ये तिथेही उजेड आहे, तो किती उघडायचा ही निवड. आणि तिसरा काळा वरच्या उजव्या कोपऱ्यात आहे. तिथे चित्राला जिन्याच्या पायऱ्यांसारखा काप आहे. हबलच्या त्या कॅमेऱ्याचे चार भाग होते. त्यातला एक जास्त मोठं करून दाखवणारा होता, त्यामुळे बाकीच्यांच्या मापाला आणल्यावर तो कमी जागा भरायचा. उरलेला काळा म्हणजे 'माहिती नाही'.

पोस्टर छापणाऱ्यांनी तो कोपरा पुष्कळदा कापून टाकला. चौकोन नीट होतो, भिंतीवर बरा दिसतो. माझ्या मते मात्र त्या चित्रातला सगळ्यात स्वच्छ काळा तोच होता, कारण त्याच्या अर्थाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा फरक नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात : शून्य वेगळं आणि 'नोंद नाही' वेगळं. खात्यात शून्य रुपये असणं आणि खातंच नसणं या दोन गोष्टी एकाच चिन्हाने लिहिल्या तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

2022च्या ऑक्टोबरमध्ये जेम्स वेब दुर्बिणीने याच खांबांची दोन चित्रं दिली. पहिलं जवळच्या अवरक्त प्रकाशातलं. तो प्रकाश धुळीतून बराचसा आरपार जातो, म्हणून खांब अर्धपारदर्शक झाले आणि तारे हजारोंनी बाहेर पडले. दुसरं त्याहून लांब तरंगलांबीचं, मधल्या अवरक्तातलं. त्यात धूळ हीच मुख्य वस्तू, आणि पहिल्या चित्रातले तारे जवळपास सगळे गायब. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की एकाने भरलेली जागा दुसरं रिकामी करतं. वेबच्या इतर बहुतेक चित्रांत मागे दूरच्या दीर्घिका विखुरलेल्या दिसतात. पहिल्या चित्रात त्या दिसत नाहीत, कारण आपल्याच आकाशगंगेच्या तबकडीतला वायू आणि धूळ पडद्यासारखी मधे आहे. म्हणजे वेबचाही काळा हा शेवटचा काळा नव्हे. बातम्यांमध्ये 'वेबने पडदा उघडला' असं झळकलं. मला ती चित्रं एका पडद्यामागे दुसरा पडदा दाखवणारी वाटली, आणि म्हणूनच 1995च्या चित्रापेक्षा जास्त प्रामाणिक. मात्र त्यासाठी ती जोडीने बघावी लागतात. एकटं कुठलंही एक बघितलं, की पुन्हा भव्य कडे आणि सुळके.

*

हबल आणि वेब झाले संस्थांचे फोटो. धुळीच्या फोटोतला आजचा खरा प्रश्न हौशी छायाचित्रकारांच्या अंगणात आहे. त्यासाठी उत्तरेकडे बघावं लागेल.

ध्रुवताऱ्याच्या आसपास धूळ आहे. अढळपद मिळालेला तारा म्हणून आपण ज्याची गोष्ट लहानपणी ऐकली, त्याच्या दिशेला धुळीचे विरविरीत पदर पसरलेले आहेत. तसेच पदर सप्तर्षींच्या बाजूला, एम-81 आणि एम-82 या दीर्घिकांभोवती. या धुळीला उजळवणारा एखादा जवळचा तारा नाही. ती आकाशगंगेच्या तबकडीपासून वर आहे आणि अख्ख्या आकाशगंगेच्या एकत्रित उजेडाने किंचित उजळते. अ‍ॅलन सँडेजने 1976मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. 1983मध्ये आयरॅस उपग्रहाला ती अवरक्तात पिंजलेल्या कापसासारखी सगळीकडे पसरलेली दिसली. स्टीव्ह मँडेल या अमेरिकन हौशी छायाचित्रकाराने तिचे फोटो काढायचा ध्यास घेतला आणि तिला 'इंटिग्रेटेड फ्लक्स नेब्युला' हे नाव दिलं.

ही धूळ किती मंद आहे? चांगल्या, गावापासून लांबच्या काळ्याशार रात्रीलाही आकाशाचा स्वतःचा थोडा उजेड असतो. त्या उजेडाच्या साधारण एक-दोन टक्के, पुष्कळदा त्याहून कमी. शहराजवळ तर हे प्रमाण आणखी कितीतरी पटींनी घसरतं. सेन्सरवर शंभर दाणे पडले तर त्यातले अठ्ठ्याण्णव आकाशाचे आणि एखाद-दुसरा धुळीचा, आणि दाण्यावर नाव लिहिलेलं नसतं.

मग करायचं काय? भरपूर दाणे गोळा करायचे आणि नको ते वजा करायचे. चौपट वेळ दिला तर गोंगाटाच्या तुलनेत संदेश दुप्पट होतो, म्हणून लोक दहा-वीस-तीस तास एकाच जागेवर कॅमेरा लावतात. मग वजाबाकी. सेन्सरच्या उष्णतेने आलेला खोटा उजेड वजा. भिंगाच्या कडेने येणारा अंधार आणि सेन्सरवर बसलेल्या कणांच्या सावल्या भागून काढायच्या. हो, अवकाशातली धूळ बघण्यासाठी आधी कॅमेऱ्यातली धूळ झटकावी लागते, आणि तीही गणिताने. इथपर्यंतची प्रत्येक पायरी मोजलेली असते. सेन्सर झाकून फोटो काढा, एकसारख्या उजेडाचा फोटो काढा, त्यावरून दुरुस्ती करा. यात कुणाच्या मताला जागा नाही.

मत शिरतं ते पुढच्या पायरीला. गावाचा उजेड, चंद्राचा उजेड, क्षितिजाजवळचा धूसरपणा यांमुळे फोटोच्या एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश बदलत जाणारा उजेड उरतो. त्याला ग्रेडियंट म्हणतात. तो काढण्यासाठी सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, 'या या ठिकाणी निव्वळ आकाश आहे.' त्या ठिपक्यांवरून सॉफ्टवेअर एक गुळगुळीत पृष्ठभाग बांधतं आणि फोटोतून वजा करतं. गोची अशी, की धुळीचे पदरही मंद, रुंद आणि सावकाश बदलणारेच असतात. गणिताला ग्रेडियंट आणि धूळ यांच्यातला फरक कळायला मार्ग नाही. पृष्ठभाग फार ताठ ठेवला तर गावाचा उजेड धूळ म्हणून राहतो. फार लवचीक ठेवला तर तो धुळीलाच गिळतो. आणि जिथे सगळीकडेच धूळ आहे तिथे 'निव्वळ आकाश' म्हणून बोट ठेवायचं कुठे?

गेल्या हिवाळ्यात तोरण्याच्या पायथ्याजवळून एका मित्राने एम-81च्या परिसराचे तीन रात्री फोटो काढले. तीन-तीन मिनिटांच्या 140 फ्रेम, म्हणजे सात तास. महाराष्ट्रातून ही जागा तशी अवघड. ध्रुव आपल्याकडे साडेअठरा अंशांवर रांगतो आणि एम-81 जास्तीत जास्त चाळिसेक अंश वर येते. उत्तर-पूर्वेला पुण्याचा उजेड. आम्ही दोघांनी त्याच फ्रेम घेऊन आपापल्या घरी वेगवेगळं काम केलं. त्याच्या चित्रात खालच्या उजव्या बाजूने वर जाणारा तपकिरी पट्टा होता, माझ्या चित्रात नव्हता.

"ती धूळ आहे रे, पुसलीस कशाला?" तो म्हणाला.

मी म्हणालो, "ते पुणं आहे."

वाद मिटवायला आम्ही प्लँक उपग्रहाचा धुळीचा नकाशा शेजारी ठेवला. त्याने धुळीची स्वतःची उष्णता मोजलेली आहे, त्याला पुण्याच्या दिव्यांशी घेणं नाही. नकाशात त्या भागात धूळ होती, पण कोपऱ्याकडे सारखा उजळत जाणारा पट्टा नव्हता. मित्राच्या चित्रात धूळ आणि पुणं एकमेकांत कालवलेलं होतं. माझ्या चित्रात पट्टा नाही आणि धुळीचे दोन पदरही फिके. दोन्ही चित्रं 'बरोबर पायऱ्या' करूनच आली होती. त्या रात्रींचं एकच खरं चित्र असेल ही कल्पना माझ्यासाठी तिथे संपली. तरी कुठलंही चित्र चालेल असंही वाटलं नाही, कारण समोर नकाशा होता आणि त्याच्याशी ताडून पाहता येत होतं.

*

मात्र त्या नकाशालाही मर्यादा आहे, आणि आजची खरी अडचण तिथून सुरू होते. प्लँकला दिसणारा सर्वांत बारीक तपशील पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या साधारण सहाव्या भागाएवढा. आपल्या कॅमेऱ्यात त्याहून कितीतरी बारीक रेषा येतात. म्हणजे धुळीचा मोठा आकार ताडता येतो, तिच्यातली नक्षी ताडता येत नाही. आणि आजच्या फोटोंत सगळी वाहवा नक्षीची होते.

ही नक्षी अलीकडे बऱ्याच प्रमाणात शिकवलेल्या सॉफ्टवेअरमधून येते. हजारो चित्रांवर शिकलेलं मॉडेल गोंगाट पुसतं, कडा धारदार करतं, तारे अलगद उचलून बाजूला ठेवतं. मी या साधनांच्या विरोधात नाही. तारे बाजूला ठेवून धूळ बघण्याचा आनंद मीही घेतो. परंतु अशी मॉडेल काय करतात हे माझ्या रोजच्या कामाच्या जवळचं आहे. शिकलेल्या चित्रांवरून जे सर्वांत संभवनीय ते ती समोर ठेवतात. संदेश भक्कम असेल तर संभवनीय आणि मोजलेलं यांत फारसा फरक पडत नाही. संदेश एक-दोन टक्क्यांचा असेल तर मोजलेलं कुठे संपलं आणि संभवनीय कुठे सुरू झालं, हे चित्र बघून सांगता येत नाही. बर्नार्डला जी भीती प्रिंटच्या छटेची होती, ती आता प्रत्येक रेषेची आहे. आणि काळ्याचीही : मॉडेल गोंगाट पुसून जो मखमली काळा देतं, तो 'इथे काही नाही' असं छातीठोकपणे सांगतो. मूळ फ्रेमला एवढंच म्हणायचं होतं की 'मला इथलं नीट दिसलं नाही.'

यावर कुणी म्हणेल, फेरफार तर पूर्वीही करत. खरं आहे. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी काचेच्या प्लेटांवर अंधाऱ्या खोलीत मुखवटे लावून, मंद छटा वाढवून असे फोटो काढले की दीर्घिकांभोवतीची कुणी न पाहिलेली कवचं दिसू लागली. तो फेरफारच होता. पण त्याची पायरी सांगता येत होती, दुसऱ्या माणसाला तशीच करून पाहता येत होती, आणि तिने प्लेटवर नसलेलं काही आणलं नव्हतं. माझी कसोटी इथे आहे. फेरफार केला का, हे विचारून उपयोग नाही, सगळेच करतात. त्याचा हिशेब देता येतो का, हे विचारावं.

याची दुसरी बाजू देवयानी दीर्घिकेशेजारी सापडली. 2022मध्ये झाव्हिए स्ट्रॉटनर, मार्सेल ड्रेक्स्लर आणि यान सेंती या हौशी मंडळींना तिच्या फोटोत ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक लांब निळी कमान दिसली. ही धूळ नव्हे, वायू. पण मंदपणा तसलाच. देवयानी ही आकाशातली बहुधा सर्वांत जास्त फोटो निघालेली दीर्घिका. तिच्या शेजारी एवढी मोठी गोष्ट कुणी पाहिली नव्हती. साहजिकच पहिली शंका, हा फिल्टरमधला किंवा जोडणीतला दोष असणार. मग वेगळ्या ठिकाणांहून, वेगळ्या दुर्बिणींतून तपासणी झाली, कमान तिथेच होती, आणि 2023मध्ये शोधनिबंध आला. त्याच वर्षी तो फोटो ग्रिनिचच्या मानाच्या खगोल-छायाचित्र स्पर्धेत पहिला आला. आतापर्यंतच्या सगळ्या फोटोंवरून शिकलेल्या कुठल्याही मॉडेलच्या दृष्टीने ती कमान म्हणजे सगळ्यात असंभवनीय गोष्ट होती. ती टिकली, कारण कुणीतरी तिला घाईने गोंगाट म्हणून पुसलं नाही, आणि घाईने खरीही मानलं नाही.

याउलट गेल्या काही वर्षांत 'धूळदार' फोटोंची जी फॅशन आली आहे तिच्यात मला ही सावधगिरी कमी दिसते. दीर्घिका गढूळ पाण्यात तरंगल्यासारख्या वाटाव्यात इतकी धूळ वर ओढलेली असते. एक टक्क्याची गोष्ट दीर्घिकेच्या निम्म्या तेजाने चमकते. हे करू नये असं नाही. डोंगराळ भागाच्या उंचसखल नकाशात उंची मुद्दाम वाढवून दाखवतात, नाहीतर काही कळणारच नाही. पण तिथे कोपऱ्यात लिहिलेलं असतं : उंची इतक्या पटीने वाढवली आहे. धुळीच्या फोटोखाली दुर्बीण, कॅमेरा, फिल्टर, तास, सगळं असतं, अगदी माउंटचं मॉडेलसुद्धा. धूळ किती पटीने वर ओढली, ग्रेडियंट कसा काढला, कुठल्या पायरीला मॉडेल वापरलं, यांतलं फार थोडं असतं. सामानाची यादी दिली जाते आणि निर्णयांची गाळली जाते. स्पर्धांच्या परीक्षकांनी आणि आपल्यासारख्या बघणाऱ्यांनी ती दुसरी यादी मागायला हवी.

कारण हे फोटो आता नुसते भिंतीवरचे राहिलेले नाहीत. देवयानीच्या कमानीसारखे शोध हौशी लोकांच्या फोटोंतून लागतात ते शास्त्रज्ञ त्या फोटोंवर विश्वास ठेवू शकतात म्हणून. मखमली काळ्याची सवय लागली, तर पुढची कमान कुणाच्या तरी हार्डडिस्कवर पुसलेल्या गोंगाटात पडून राहील आणि कुणाला कळणारही नाही. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024मध्ये 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, देशातला पहिला. अंधार जपण्याची गोष्ट आपण आता करू लागलो आहोत. तो जपलेला अंधार फोटोत उतरताना काय होतं, हेही त्याच गोष्टीत येतं.

खांबांच्या त्या 1995च्या चित्राचे मूळ आकडे आजही सार्वजनिक संग्रहात आहेत. कुणालाही ते उतरवून घेऊन स्वतःचं चित्र करता येतं, आणि लोक करतात. प्रत्येकाचे खांब थोडे वेगळे निघतात. कुणाचे सोनेरी, कुणाचे विटकरी, कुणाचे मागचं आकाश जास्त उघडलेले. वरचा उजवा कोपरा मात्र सगळ्यांकडे रिकामाच येतो. काही जण तो दुसऱ्या फोटोतून भरतात, काही कापून टाकतात. मला ती जिन्यासकटची चित्रं बघायला आवडतात.